हॅम संघटनेचा अंक आटत का गेला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच दुखण्याविषयी आहेत, आणि ते म्हणजे हौशी रेडिओ संघटनांचे सभासदांसाठी निघणारे अंक. चारही पत्रे कोकणातून आली आहेत आणि मीही दापोली तालुक्यातच राहतो, त्यामुळे उत्तरांत आमच्या अंगणातल्या गोष्टी बऱ्याच आल्या आहेत. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना आणि स्वतःची कॉल साइन मिळवणाऱ्या आणि कोणताही आर्थिक हेतू न ठेवता स्वतःच्या रेडिओ केंद्रावरून जगाशी बोलणाऱ्या माणसाला हॅम म्हणतात. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून १९८६ पासून परवानाधारक आहे. मी ज्या संघटनेचा आजीव सभासद आहे तिचा अंक पूर्वी दर दोन महिन्यांनी येत असे आणि चाळीस पानांचा असे. पुढे तो त्रैमासिक झाला, मग चोवीस पानांवर आला, मग जोडअंक निघू लागले आणि आता वर्षातून एखादी पीडीएफ येते, तीही आठवण करून दिल्यावर. पदाधिकारी म्हणतात की इंटरनेटमुळे असे झाले आणि जगभर हीच परिस्थिती आहे. हे खरे मानावे का? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : गुरुजी, आपले पत्र वाचून मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्याविषयी पुढे लिहितो, आधी जगाविषयी विचारले आहे ते सांगतो.

अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संघटना १९१४ मध्ये स्थापन झाली आणि तिचे 'क्यूएसटी' हे मासिक डिसेंबर १९१५ पासून निघते. पहिल्या महायुद्धात हौशी केंद्रे बंद होती तेव्हाचा खंड सोडला, तर शंभर वर्षांहून अधिक काळ ते सभासदांच्या दारात पडत आले आणि सभासद होणे म्हणजे 'क्यूएसटी' घरी येणे हे समीकरण तिथे तीन-चार पिढ्यांच्या अंगवळणी पडले. जानेवारी २०२४ पासून तिथली वार्षिक वर्गणी ४९ डॉलरवरून ५९ डॉलर झाली, आणि छापील अंक हवा असेल तर त्यावर आणखी २५ डॉलर मोजावे लागू लागले. संगणकावर वाचण्याचा अंक तेवढा वर्गणीत राहिला. विक्रीवर चालणाऱ्या खासगी मासिकांची गत याहून वाईट झाली. वेन ग्रीन यांनी १९६० मध्ये सुरू केलेले '७३' हे मासिक २००३ मध्ये बंद पडले आणि १९४५ पासून निघणारे 'सीक्यू' २०२३ च्या अखेरीस थांबले. याउलट ब्रिटनची रेडिओ सोसायटी, जिचा आरंभ १९१३ मध्ये लंडन वायरलेस क्लब या नावाने झाला, आजही आपला अंक छापून सभासदांना धाडते. जुलै १९२५ मध्ये 'टी अँड आर बुलेटिन' म्हणून निघालेला तो अंक आता 'रॅडकॉम' या नावाने ओळखला जातो. तेव्हा आपल्या संघटनेवर आलेली वेळ जगावेगळी नाही हे खरे, पण ती अटळ होती असेही म्हणता येत नाही.

इंटरनेटकडे बोट दाखवण्यात अर्धे सत्य आहे आणि तेवढे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आयनांबराच्या, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराच्या, स्थितीवरून पुढच्या महिन्यात कोणता बँड (लहरींचा पट्टा) केव्हा उघडेल याचे तक्ते, एखाद्या दुर्मीळ बेटावरून कोण केव्हा बोलणार याची वार्ता, क्यूएसएल कार्डे (संपर्क झाल्याची पोच देणारी कार्डे) पाठवण्याचे पत्ते, स्पर्धांचे निकाल, जुन्या रेडिओ संचांच्या खरेदी-विक्रीच्या छोट्या जाहिराती, या सगळ्यासाठी पूर्वी अंकाची वाट पाहावी लागत असे, आणि ही सदरे इंटरनेटने नेली ती योग्यच नेली. अमेरिकन लीगने २००३ मध्ये 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' ही सोय सुरू केल्यावर संपर्काची खातरजमा संगणकावरच होऊ लागली. सहा-सहा महिने कार्डाची वाट पाहणाऱ्या माणसाला आता तेच काम बसल्या जागी करता येत असेल, तर त्याने जुन्या अंकासाठी हळहळत बसावे असे मी म्हणणार नाही. पैशाची बाजूही आहे. तिकडची मासिके संच बनवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर पोसली गेली, आणि हीथकिटसारख्या कंपनीने १९९२ मध्ये किट बनवणे सोडले, दुकाने कमी झाली, तसतशी पानेही कमी झाली. आपल्याकडे जाहिरातींचे पान मुळातच रिकामे होते. आपले अंक वर्गणीवर आणि एखाद्या माणसाच्या रात्रीच्या जागरणावर निघत होते, त्यामुळे परदेशी मासिकांचे कारण आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाही.

आता पेटीविषयी. तिच्यात एका संघटनेचे १९८७ पासूनचे अंक आहेत. सुरुवातीचे अंक सायक्लोस्टाइल केलेले आहेत. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने कोरलेली सर्किटची आकृती, जिथे हात थोडा जड पडला तिथे फाटलेला कागद आणि त्यामुळे पसरलेला शाईचा ठिपका, आणि त्या ठिपक्याशेजारी संपादकाने प्रत्येक प्रतीवर हाताने निळ्या पेनाने लिहिलेले 'हा जोड नाही, रेघ ओलांडून जाते'. सभासद जेमतेम शंभर असतील, पण शंभर प्रतींवर तेच वाक्य स्वतः लिहिणारा संपादक त्या संघटनेला लाभला होता. मी दोन रात्री बसून प्रत्येक अंकातले कोणते सदर केव्हा नाहीसे झाले ते वहीत उतरवले. सर्वांत आधी गेली ती 'दुरुस्ती' ही चौकट, म्हणजे मागच्या अंकातील चुका सांगणारी. तिच्या पाठोपाठ वाचकांची पत्रे गेली. मग घरी बांधलेल्या उपकरणांचे लेख गेले. त्यांच्या जागी सत्कार, उद्‌घाटने आणि व्यासपीठावरची छायाचित्रे आली. हे सगळे आमच्या तालुक्यात इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेले आहे. इंटरनेट आले तेव्हा अंकात त्याने पळवून न्यावे असे फारसे उरलेच नव्हते.

हे का झाले, याची दोन कारणे मला दिसतात. पहिले असे की, तयार संच मिळू लागले. १९८० च्या दशकात ज्याला ४० मीटर बँडवर, म्हणजे सुमारे ४० मीटर लांबीच्या लहरींवर, बोलायचे असे त्याला निदान काही भाग स्वतः बांधावा लागे, बांधताना अडावे लागे आणि अडल्यावर लिहावे लागे. जपानी बनावटीचा संच खोक्यातून काढून टेबलावर ठेवणाऱ्याला अडायचे कारण राहत नाही, आणि जो अडत नाही तो पत्रही लिहीत नाही. दुसरे कारण मला अधिक बोचते. ज्यांनी लिहिले त्यांचीही दखल कोणी घेतली नाही. माझाच अनुभव सांगतो. एका संघटनेला मी खाऱ्या हवेत संचापासून ॲंटेनापर्यंत जाणाऱ्या कोॲक्स केबलचे टोक कसे कुजते याविषयी आठ पानांचा लेख तीन आकृत्यांसह रजिस्टर टपालाने पाठवला होता. चौदा महिने पोच नाही, पत्र नाही. मग तो एकदम अंकात आला, तोही तिन्ही आकृत्या गाळून, आणि 'वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे' हे शब्द मात्र चार ठिकाणी तसेच ठेवून. पुढच्या अंकात त्याची दुरुस्ती आली नाही. त्यानंतर मी तिथे काही पाठवले नाही, आणि माझ्यासारखे कितीतरी जण असेच गप्प झाले असतील. संघटनेने सभासदाला गिऱ्हाईक मानायला सुरुवात केली की अंक ही वर्गणीच्या बदल्यात द्यायची वस्तू होते, आणि वस्तू महाग पडू लागली की ती बंद करावी असे कोणत्याही खजिनदाराला वाटणारच. अंक हा सभासदांनी एकमेकांचे काम तपासण्याचा फड आहे असे मानले असते, तर त्याच्या खर्चाचा हिशेब वेगळ्या रीतीने झाला असता.

आजीव सभासदांचा प्रश्नही आपल्या पत्रात आडून आलेला आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एकदाच घेतलेल्या रकमेतून आजचा कागद आणि आजचे टपाल निघत नाही ही संघटनेची खरी अडचण आहे. परंतु ती अडचण सभासदांपुढे आकड्यांनिशी मांडणे आणि गुपचूप अंक बंद करणे या दोहोंत अंतर आहे. आपण वार्षिक सभेत एकच विचारावे : अंकाचे संपादन कोणाकडे आहे, आणि गेल्या वर्षात त्या व्यक्तीकडे सभासदांची किती पत्रे आली? अंकाची प्रकृती त्या उत्तरावरून लगेच कळेल.

प्रश्न : मी रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मागच्या वर्षी मला रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे पहिल्या पायरीचा, परवाना मिळाला. मोठी माणसे जुन्या अंकांविषयी फार हळवेपणाने बोलतात. मला त्यांचा अनादर करायचा नाही, पण मला जे हवे ते सगळे व्हिडिओंत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळते, तेही फुकट आणि त्याच दिवशी. अंकात असे काय होते जे माझ्याकडे नाही? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यात अनादर नाही. तुमच्याजवळ माहिती आमच्यापेक्षा शंभरपट आहे. आणखी एक गोष्ट मी तुमच्याच बाजूने सांगतो. हैदराबादचे अशर फरहान यांनी 'बिटएक्स' हा मोजक्या, सहज मिळणाऱ्या भागांतून घरी बांधता येणारा सिंगल साइडबँड (आवाजाच्या लहरींचा एकाच बाजूचा पट्टा पाठवणारा) संच रचला, आणि तो जगभरच्या हॅमांनी बांधला तो मुख्यतः इंटरनेटवरून आकृत्या आणि अनुभव वाटून घेत. एका भारतीय माणसाची रचना इतक्या लवकर इतक्या दूर जाणे छापील अंकाच्या काळात घडले नसते.

पण मागच्या पावसाळ्याआधीची एक गोष्ट ऐका. ४० मीटर बँडसाठी साधा डायपोल ॲंटेना (मध्यावर केबल जोडलेली दोन बाजूंची तार) कसा करावा याची एक सुबक आकृती ग्रुपांवरून फिरत होती. अर्धलहरी, म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीच्या, डायपोलची एकूण लांबी फुटांत काढायची तर ४६८ या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेने भागतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी हे उत्तर सुमारे ६६ फूट येते, म्हणजे मधल्या जोडापासून दोन्हीकडे ३३-३३ फूट तार. आकृती काढणाऱ्याने ६६ हा आकडा दोन्ही बाजूंवर वेगवेगळा लिहिला होता. आमच्या पंचक्रोशीतल्या दोन नव्या मुलांनी दोन्हीकडे ६६ फूट तार कापली, माडावर चढवली आणि संच लावला, तर ॲंटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा काटा टोकाला जाऊन टेकला. कारण १३२ फूट ही ४० मीटरवर पूर्ण लहर होते आणि तिच्या मध्यावर काही हजार ओहमचा रोध दिसतो, तर केबल असते ५० ओहमची. तीच तार ८० मीटर बँडवर चालली असती, पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांनी केबल बदलली, जोड बदलले, संचच बिघडला असे समजून तो मुंबईला पाठवायची तयारी केली. मी जाऊन टेप लावली तेव्हा कुठे उलगडा झाला. मग मी ग्रुपवर लिहिले की आकृतीत चूक आहे. सहा जणांनी अंगठा दाखवला, आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या ग्रुपवरून तीच आकृती, तोच ६६, माझ्याकडे परत आली.

हीच चूक अंकात झाली असती, आणि अंकांत चुका भरपूर होत असत, तर पुढच्या अंकात 'दुरुस्ती' या चौकटीत आली असती, आणि ज्यांच्या हाती चुकीची आकृती पडली त्याच सगळ्यांच्या हाती दुरुस्तीही पडली असती. कारण वाचकांची यादी एकच होती आणि छापणारा माणूस ओळखीचा होता. आम्ही दुरुस्तीची चौकट कापून मूळ लेखाच्या पानाला डकवून ठेवत असू. तुमच्याजवळ नसलेली गोष्ट ही आहे : चूक जिथपर्यंत गेली तिथपर्यंत तिच्या मागोमाग जाणारी दुरुस्ती. व्हिडिओखाली चारशेव्या क्रमांकावर कोणीतरी चूक दाखवलेली असतेही, पण व्हिडिओ पाहून आधीच तार कापलेल्याच्या घरी ती चालत येत नाही.

हा अंक कागदावरच असला पाहिजे असे मात्र मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये जी-क्यूआरपी क्लब म्हणून कमी शक्तीवर, म्हणजे साधारण पाच वॅटपर्यंत, काम करणाऱ्या हॅमांचा एक क्लब आहे, जो जॉर्ज डॉब्स या धर्मोपदेशकांनी १९७४ मध्ये सुरू केला. त्याचे 'स्प्रॅट' हे त्रैमासिक वहीच्या आकाराचे, छोटेखानी आहे. त्यात जवळजवळ सगळी पाने सभासदांच्या स्वतःच्या सर्किटांची असतात आणि व्यासपीठावरची छायाचित्रे शोधावी लागतात. मोठमोठी रंगीत मासिके बंद पडली त्या काळात तो छोटा अंक टिकला, आणि तो कशामुळे टिकला हे त्याची चार पाने उलटली तरी कळते. वाचणारेच लिहिणारे आहेत.

तुम्ही गेल्या वर्षभरात जे काही बांधले असेल, अगदी साधी बॅटरीची तार का असेना, ते एका पानात लिहून मला पाठवा. कुठे फसले तेही लिहा, किंबहुना तेच आधी लिहा. मराठीत लिहिले तरी चालेल, आकृतीला भाषा लागत नाही.

प्रश्न : सिंधुदुर्गातील एका छोट्या हॅम क्लबाचा मी खजिनदार आहे. आमचे ३८ सभासद असून वार्षिक वर्गणी ६०० रुपये आहे. आम्ही सोळा पानांचे इंग्रजी त्रैमासिक वार्तापत्र काढतो. छपाई आणि टपाल मिळून वर्षाला सुमारे साडेनऊ हजार रुपये जातात. ते बंद करून पैसे रिपीटरसाठी, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या उंचावरच्या केंद्रासाठी, साठवावेत असा ठराव येणार आहे. मजकूर मिळत नाही म्हणून संपादकही कंटाळले आहेत. आपले मत काय? (एक खजिनदार, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : आपली वर्षाची जमा २२,८०० रुपये आणि त्यातले साडेनऊ हजार वार्तापत्रावर, हे प्रमाण जड आहे. शिवाय टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्टची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली आणि सप्टेंबर २०२५ पासून साधे रजिस्टर टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, त्यामुळे अंक खात्रीने पोहोचवायचा तर यापुढे खर्च वाढेल, कमी होणार नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की चार छापील अंक बंद करावेत, आणि वर्षातून एकच अंक काढावा, पण तो नीट काढावा. तो एप्रिलअखेर तयार असावा, म्हणजे मे महिन्यात मुंबईकर सभासद गावी येतात तेव्हा सभेत हातोहात देता येईल आणि टपालाचा खर्च जवळजवळ उरणार नाही. घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामे चालू असतात त्याच दिवसांत तो हाती पडला तर त्यातले वाचून माणूस लगेच ॲंटेनाकडे वळेल. त्याला 'आगोट अंक' म्हणावे असे मला मनापासून सुचवावेसे वाटते. मधल्या काळात दोन-चार पानांची पीडीएफ काढा, पण तिच्यात दुरुस्तीची चौकट न चुकता ठेवा. मागच्या अंकात चूक नसेल तर 'चूक आढळली नाही' असे छापा.

मजकूर मिळत नाही हे संपादकांचे दुःख मला समजते, परंतु आपण त्यांना इंग्रजीत अंक काढायला लावले आहे आणि सभासद सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या बैठकीत) मालवणीत बोलतात, हे कसे जमावे? आपल्याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मराठीतले पहिले मासिक काढले आणि त्यात विज्ञान व भूगोल यांसारखे विषय मराठीत मांडले. त्या काळी या विषयांना मराठीत धड शब्दही नव्हते. मग १८५ वर्षांनंतर आपल्याला डायपोल मराठीत लिहिता येऊ नये असे काय आहे? मच्छीमार संस्थेत नोकरी करणारा आपला एखादा सभासद नायलॉनचा दोर उन्हात किती महिने टिकतो याविषयी जे जाणतो ते कोणत्याही परदेशी मासिकात नाही. त्याला कोऱ्या कागदापुढे बसवू नका. संपादकांनी फोनवर त्याच्याशी बोलावे, लिहून घ्यावे आणि त्याला वाचून दाखवून छापावे.

विषय तर आपल्या किनाऱ्यावर पसरलेले आहेत. जांभ्या दगडात अर्थिंगचा दांडा किती खोल जातो, आणि ज्या अर्थिंगचा रोध श्रावणात समाधानकारक असतो तो वैशाखात किती वाढतो, हे बारा महिने दर पंधरवड्याला मोजून कोणी तक्ता केला तर तो अंकाची चार पाने एकटा भरेल. माडाला बांधलेली तार माड डोलला की तुटते, म्हणून एका टोकाला कप्पी लावून वजन टांगतात. ते वजन किती असावे याचा अनुभव आमच्याकडे प्रत्येक हॅमचा वेगळा आहे आणि तो कुठेही एकत्र लिहिलेला नाही. तांब्याची तार खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत काळी पडते, जोडावर हिरवा थर चढतो, सोल्डरच्या खाली पाणी शिरते. कोणी त्यावर ग्रीस लावतो, कोणी एमसील भरतो, कोणी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळतो. यांतले तीन वर्षांनंतर काय टिकले? तीन जोड एकाच काठीवर शेजारी शेजारी लावून ठेवायचे आणि दर आगोटीला उघडून पाहायचे, एवढाच तो प्रयोग आहे, पण तो छापला गेला तर गोव्यापासून डहाणूपर्यंतच्या हॅमांना उपयोगी पडेल.

रिपीटरच्या बाबतीत एक लक्षात आणून देतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा आमच्याही तालुक्यात वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. माझा ॲंटेनाचा पाइप मधोमध वाकला. हातातला व्हीएचएफ संच, ज्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगराआड निरुपयोगी होता, म्हणून मी पडवीच्या वाशापासून उभ्या राहिलेल्या एकुलत्या एका माडापर्यंत जमिनीपासून पुरुषभर उंचीवर तार ताणली आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ४० मीटर लावले. इतक्या खाली ताणलेल्या तारेची ऊर्जा बरीचशी सरळ वर जाऊन परतते, त्यामुळे दूरचे कमी पण दोन-तीनशे किलोमीटरच्या आतले ऐकू येऊ लागले. त्या आठवड्यात कोणाच्या बॅटऱ्या किती तास चालल्या, कोणत्या टेकडीवरून कोणते गाव लागले, कोणाला काय आयत्या वेळी सापडले नाही, हे किनाऱ्यावरच्या आम्हा हॅमांनी एकत्र बसून लिहून काढायला हवे होते. आम्ही ते लिहिले नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले आणि जुलैत चिपळूणला महापूर आला, तेव्हा मागच्या वर्षीचे शहाणपण ज्याच्या त्याच्या डोक्यात होते आणि ज्याच्या त्याच्या घरी अडकून पडले होते. रिपीटर जरूर उभारा, त्याचा वेगळा परवाना रीतसर घ्या, पण वादळात त्याचा मनोराही पडू शकतो. मनोरा पडला तर पुढे काय करायचे हे ज्या पानावर लिहिलेले असेल ते पान प्रत्येक सभासदाच्या घरी कागदावर असले पाहिजे, कारण त्या दिवशी फोन चालणार नाही आणि पीडीएफ उघडणार नाही. वर्षाचा एक अंक छापाच असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

प्रश्न : माझे सासरे गेल्या वर्षी वारले. ते पस्तीस वर्षे हॅम होते. त्यांच्या मागे दोन ट्रंका भरून रेडिओची मासिके आणि संघटनेचे अंक आहेत. घरात हे कोणाला कळत नाही. रद्दीवाला न्यायला तयार आहे, पण माझा हात होत नाही. काय करावे? (एक गृहिणी, श्रीवर्धन)

उत्तर : ताई, रद्दीवाल्याला थांबवलेत हे फार चांगले केलेत. हॅम लोक गेलेल्या सहकाऱ्याला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे जिची टकटक थांबली अशी मोर्सची कळ.

परदेशी छापील मासिकांची फार काळजी करू नका, त्यांतील बहुतेकांच्या प्रती जगात इतरत्र जपलेल्या आहेत. आधी वेगळे काढा ते भारतातल्या संघटनांचे आणि क्लबांचे अंक, विशेषतः पातळ, सायक्लोस्टाइल केलेले, कव्हर नसलेले. ते कदाचित दुसरीकडे कुठेही उरलेले नसतील. त्यानंतर प्रत्येक अंक हलकेच उघडून समासात पेन्सिलीने काही लिहिले आहे का ते पाहा. सासऱ्यांनी एखादा आकडा खोडून दुसरा घातला असेल, 'हे करून पाहिले, चालत नाही' असे लिहिले असेल, पानात एखादे पत्र दुमडून ठेवले असेल. असे अंक बाजूला ठेवा, त्यांची किंमत कोऱ्या प्रतीपेक्षा जास्त आहे. चिकटलेली पाने ओढू नका. सावलीत, पंख्याखाली, दोन दिवस उभी ठेवा. कसर लागलेले अंक बाकीच्यांत मिसळू नका. ट्रंकेच्या तळाशी कागद न घालता कोरडे सुती कापड घाला आणि ट्रंक भिंतीपासून वीतभर दूर, दोन विटांवर ठेवा, म्हणजे वाळवीचा माग लगेच दिसेल.

वर्षे आणि अंकांची नावे एका वहीत उतरवून ती यादी आमच्या पत्त्यावर पाठवा. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. तिथे किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते ठेवून घेतील का, याची विचारणा मी स्वतः करतो. पेन्सिलीच्या खुणा असलेले अंक मात्र देण्याआधी त्यांची छायाचित्रे काढावी लागतील, त्यासाठी आमच्यापैकी कोणीतरी दोन दिवस श्रीवर्धनला येईल. ट्रंका सध्या माळ्यावर असतील तर मिरग लागायच्या आत खाली उतरवून घ्या.